मी खोटी सांगितलेली बावडी

या सदराचा मी जुना वाचक आहे. पण खरं सांगायचं तर इतकी वर्षं मी हे पान हसण्यासाठी वाचत होतो. कोणाला वडाखाली बाई दिसते, कोणाच्या बंद खोलीत पैंजण वाजतात... मी सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, ते मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि चहा पिता पिता आम्ही दोघं हसायचो. माझा भुताखेतावर विश्वास नव्हता. आजही नाही. मी जे लिहितो आहे त्यात भूत नाहीच. असतं तर सगळं त्याच्या माथी मारून मोकळा झालो असतो.

आम्ही जबलपूरचे. आजोबा रेल्वेत होते म्हणून इथे आले आणि मग इथलेच झालो. मी एका कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे. वय बावन्न. कारखान्याचं क्वार्टर दोन खोल्यांचं. त्यात मी, सुनंदा, आमची मुलगी, आणि माझा धाकटा भाऊ सतीश, त्याची बायको मनीषा आणि त्यांची छोटी पिंकी. सतीश सदर बाजारात औषधांच्या दुकानात कामाला आहे. गढा नावाच्या जुन्या वस्तीत त्यानं एक प्लॉट घेतला होता, तीस बाय चाळीसचा. घर होईपर्यंत राहा म्हणून मीच त्यांना बोलावलं होतं. त्या "होईपर्यंत"ला चार वर्षं झाली होती. हे आधीच सांगतो, कारण पुढे ते लागणार आहे.

आता मंडळाबद्दल. त्याला नाव वगैरे नव्हतं, आम्ही "रविवारची मंडळी" म्हणायचो. मुळे काका त्याचे प्रमुख. कारखान्याच्या टूलरूममधून रिटायर झालेले. मी अप्रेंटिस असताना त्यांच्याच हाताखाली फाइल, म्हणजे कानस, धरायला शिकलो. आम्ही एकूण सहा जण. गढ्यात गोंड राजांच्या वेळचे तलाव आणि बावड्या होत्या. बावडी म्हणजे पायऱ्यांची विहीर. त्यातल्या कितीतरी मलबा टाकून बुजवल्या गेल्या आणि वर वस्त्या झाल्या. काकांना एवढंच हवं होतं की सगळं जाण्याआधी कोणती बावडी कुठे होती त्याचा एक नकाशा व्हावा. खणायचं नाही, काही काढायचं नाही. फक्त नकाशा.

आणि तो नकाशा ते कांड्यांनी करायचे. पितळेच्या दोन कांड्या, काटकोनात वाकवलेल्या. आखूड बाजू मुठीत सैल धरायची, लांब बाजू पुढे ठेवायची आणि हळूहळू चालायचं. खाली पोकळी किंवा पाणी असलं की कांड्या आपोआप आत वळून एकमेकींवर येतात. गावाकडे पाणाडी निंबाची दुबेळकी फांदी धरून विहिरीची जागा सांगतो, तोच प्रकार. काका पायाळू होते, म्हणजे पायाकडून जन्मलेले. लहानपणी वीज पडेल या भीतीनं आईनं त्यांना पावसात कधी अंगणात उतरू दिलं नाही, हे ते हसत सांगायचे. पायाळू माणसाला जमिनीतलं कळतं असं लोक म्हणतात. काका मात्र म्हणायचे, "मला काही कळत नाही बाबा. कांड्यांना कळतं. मी फक्त त्यांना फिरवून आणतो."

मला हे सगळं खूळ वाटायचं. तरी जायचो. काकांसाठी जायचो, आणि दोन खोल्यांतल्या सहा माणसांपासून रविवारी सकाळपुरती सुटका म्हणूनही जायचो.

काकांचा एक नियम होता. एका जागेवर दोघांनी चालायचं, पण वेगवेगळं. पहिला चालताना त्याच्यासोबत एक साक्षीदार. कांड्या जिथे वळतील ते त्यानं आलेखाच्या कागदावर टिपायचं, घडी करायची, खिशात ठेवायची. जमिनीवर खूण करायची नाही. बाकीचे तोवर भिंतीपलीकडे, पाठ करून. मग दुसरा चालणार आणि जमिनीवर चुना टाकणार. मग कागद उघडायचा. दोन्ही जुळलं तरच ती जागा नकाशावर. काका स्वतः कधीच पहिले चालायचे नाहीत. म्हणायचे, मी पहिला चाललो तर तुम्ही लोक माझं मन ठेवाल.

अडचण एवढीच की कोणी आम्हाला आपल्या जागेवर पाय ठेवू देत नसे. लोकांना वाटायचं आम्ही पुरलेलं धन शोधतो. पानठेल्यावरून हाक यायची, "चाचा, कितना सोना निकला?" काका चालता चालताच म्हणायचे, "तुम्हारे हिस्से का वहीं छोड़ दिया है, भैया." सगळे हसायचे. पण जागा मिळत नव्हती, आणि जिथे मिळाली तिथे सलग तीन रविवार काहीच जुळलं नाही. दोन जण यायचे बंद झाले. तेव्हा मीच म्हटलं, सतीशचा प्लॉट रिकामा आहे, बुजवलेल्या तलावाच्या काठालाच आहे, तिथे चला.

फेब्रुवारीतला रविवार. सकाळचे नऊ. मी पहिला, माझ्यासोबत साक्षीदार मिश्राजी. ते शाळेत इतिहास शिकवायचे. काका आणि उरलेला एक जण शेजारच्या कुंपणभिंतीपलीकडे. मी एक फेरी मारली, दोन मारल्या. काही नाही. मिश्राजी पेन्सिल धरून वाट बघत होते. मला काकांचा चेहरा आधीच दिसत होता — चौथा रविवार. आणि मला घरीही जायचं होतं.

मी मनगट वळवलं.

थोडंसंच. कांड्या एकमेकींवर आल्या. मिश्राजी म्हणाले, "अच्छा! यहाँ?" आणि टिपलं. मग एकदा सुरू केल्यावर पूर्ण करणं भाग होतं. नुसता एक ठिपका कोणी मानला नसता, आकार हवा होता. आकार कुठून आणू? मी आमच्या लहानपणच्या क्वार्टरची न्हाणी डोळ्यासमोर आणली. वडिलांच्या नोकरीतलं ते क्वार्टर. मागे न्हाणी, आणि तिच्याकडे जाणारी अरुंद बोळ — दहा पावलं सरळ, मग डावीकडे वळण. तेच मी प्लॉटच्या आग्नेय कोपऱ्यात चालून काढलं. न्हाणी जरा मोठी केली. नऊ फूट बाय अकरा. मिश्राजींनी सगळं कागदावर घेतलं, घडी केली आणि खिशात ठेवलं.

मग काका आले. मी भिंतीपलीकडे जाऊन बिडी पेटवली. दहा-पंधरा मिनिटांनी हाक आली.

चुन्याचा चौकोन तिथेच होता. त्याच कोपऱ्यात. बोळ त्यांना नीट मिळाली नव्हती, तिचा अर्धाच भाग होता. पण चौकोन मात्र मिश्राजींच्या कागदाशी वीतभरही चुकला नाही. काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. डोळे भरले होते त्यांचे.

मला गंमत वाटली, थोडी लाजही वाटली. आश्चर्य मात्र वाटलं नाही. मऊ मातीत माझ्या बुटांचे ठसे असणार, काकांनी नकळत तेच पाहिलं असणार. मी ते तिथेच संपवलं.

एप्रिलमध्ये सतीशनं बांधकाम काढलं. कॉन्ट्रॅक्टरनं नकाशा दिला आणि स्वयंपाकघर अर्थातच आग्नेयेला ठेवलं. काकांना कळल्यावर ते उन्हातान्हात आमच्या क्वार्टरवर आले. हातात त्यांनी स्वतः काढलेला कागद. त्या कोपऱ्यावर काही बांधू नका, खाली बावडी आहे, भराव केव्हा बसेल सांगता येत नाही, असं त्यांनी सतीशला समजावलं. मनीषा म्हणाली, "काका, मग माझा ओटा काय रस्त्यावर घालू?" ती हसतच म्हणाली, पण तिचा चेहरा पडला होता. तीस बाय चाळीसमधला एक कोपरा सोडला तर घर उरतच नव्हतं.

सतीश काकांना फार मानायचा. त्यानं काम थांबवलं. कॉन्ट्रॅक्टरची माणसं दुसऱ्या साइटवर गेली. एक महिना गेला, दुसराही अर्धा गेला. एका ओट्यावर दोन बायका, एका नळावर सहा माणसं. सुनंदा आणि मनीषा एकमेकींशी पिंकीमार्फत बोलू लागल्या. एक दिवस सुनंदानं मला भाजी वाढता वाढता विचारलं, "हे लोक जाणार केव्हा?" दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून परस्पर काकांकडे गेलो.

मी त्यांना सांगितलं की ते सगळं मी बनवलं होतं. मनगट वळवलं होतं. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते.

"काहून केलं असं?"

मी म्हटलं, तुम्हाला बरं वाटावं म्हणून.

"कोणता हात?"

मी म्हटलं, उजवा. ते आत गेले, कांड्या घेऊन आले आणि माझ्या हातात दिल्या. मी करून दाखवलं. कांड्या वळल्या. काका म्हणाले, "हो. होते असं." मग म्हणाले, "पण प्रकाश, नंतर मीबी चाललो होतो ना. मला तर काही माहीत नव्हतं."

यावर मी जे बोललो ते इथे लिहितो, कारण ते न लिहिता बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मी म्हणालो, काका, तुम्ही माझे ठसे पाहिले. तुम्हाला पाहिजेच होतं, म्हणून तुम्हाला मिळालं. आजवर जे मिळालं ते सगळं असंच मिळालं.

ते म्हणाले, "असेल."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका स्वतः आमच्याकडे आले. मी सतीशला काही सांगण्याआधीच. मनीषासमोर हात जोडून म्हणाले की माझी चूक झाली पोरी, तुझं घर मी अडवून ठेवलं, खाली काही नाही, बांधा तुम्ही. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. ते मीच घेतलं. म्हटलं, चूक त्यांची नाही, मी खोट्या कांड्या फिरवल्या होत्या. मनीषा मला म्हणाली, "भाऊजी, तुम्ही पण ना..." आणि चहा टाकायला उठली. त्या दिवशी घरात सगळे मोकळे झाले. मला प्रामाणिकपणा केल्यासारखं वाटलं. आणि सुनंदाचं काम झालं, हेही आत कुठेतरी होतंच. यातलं कोणतं मोठं होतं ते मी आता विचारत नाही.

रविवारची मंडळी बंद पडली. काका मुलाकडे पुण्याला गेले. हिवाळ्यात सतीशची वास्तुशांत झाली.

पुढच्या ऑगस्टमध्ये, चार दिवस सलग पाऊस झाल्यावर, सकाळी साडेदहाला मनीषा पोळ्या करत असताना स्वयंपाकघराची जमीन खाली गेली.

घर उभंच होतं. चारही कॉलम जागेवर होते. नंतर कळलं की ते बावडीच्या भिंतींच्या नेमके बाहेर पडले होते, म्हणून पाया खणताना काही लागलंच नाही. फक्त फरशी गेली, ओटा गेला आणि मनीषा गेली. सोळा-सतरा फूट. मी कारखान्यातून पोचलो तेव्हा तिला चादरीत बांधून वर घेत होते. शुद्धीवर होती. मला पाहून म्हणाली, "पिंकी साडेबाराला सुटते, तिला कोणीतरी आणा." मी जाऊन पिंकीला आणलं. वाटेत तिला बिस्किटांचा पुडा घेऊन दिला. मला काही वाटलं नाही. रडू आलं नाही, भीती वाटली नाही. लोक म्हणाले धक्का बसला आहे, होईल ठीक. एक वर्ष झालं.

कमरेचं हाड आणि उजवा पाय. तीन ऑपरेशनं झाली. मनीषा आता वॉकर घेऊन चालते. खाली बसू शकत नाही. डॉक्टर म्हणतात, याहून फार सुधारणा होणार नाही.

मग सरकारी माणसं आली. त्यांनी मलबा उपसला, फोटो काढले, मापं घेतली आणि तारेचं कुंपण घातलं. मी टेपचं दुसरं टोक धरून उभा होतो. नऊ फूट दोन इंच बाय अकरा फूट. चौकोनी दगडी बावडी. तिच्यात उतरणारी अरुंद वाट, आधी सरळ, मग डावीकडे. मी ती वाट चालून पाहिली. सरळ भाग दहा पावलांचा होता. मिश्राजींनी तो जुना कागद जपून ठेवला होता, ते घेऊन आले. त्यांनी तो मापांच्या कागदाशेजारी धरला, त्याची पुन्हा घडी केली आणि तो मला दिला. म्हणाले, "भाई साहब, इसे आप ही रखिए."

मी पुण्याला फोन लावला. काकांना सगळं सांगितलं आणि मापं वाचायला लागलो. त्यांनी मला थांबवलं.

"मनीषा कशी आहे?"

मी सांगितलं.

"आकडे नको सांगू मला," एवढं बोलून त्यांनी फोन सुनेकडे दिला.

लोक मला कारणं देतात. कारखान्यातला एक मित्र म्हणतो, तिथलं गवत वेगळं असेल, जमीन ओलसर असेल, तुझ्या पायांना कळलं असेल. मी त्याला सांगतो की आकार जमिनीतून आला नाही, तो मी न्हाणीचा घेतला होता. ते मला स्वच्छ आठवतं. मनात न्हाणी आणली आणि ती चाललो. मग बावडी माझ्या वडिलांच्या क्वार्टरच्या न्हाणीसारखी कशी निघेल?

ते क्वार्टर पाडून दहा वर्षं झाली. बघायला काही शिल्लक नाही. म्हणून मागच्या महिन्यात एका सकाळी सतीश स्कूटर पुसत होता तेव्हा त्याला विचारलं, लहानपणच्या न्हाणीची बोळ आठवते का तुला? डावीकडे वळायची ती.

सतीश म्हणाला, "वळत कुठे होती? सरळ होती. स्वयंपाकघराच्या दारातून न्हाणीचं दार दिसायचं. आई तिथूनच ओरडायची ना, पाणी संपवू नका म्हणून."

तो म्हणाला तसं मलाही आठवलं. आई खरंच तिथून ओरडायची.

सतीशनं फडकं पिळलं. त्या अपघातानंतर एका शब्दानंही त्यानं मला काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं.

"दादा, एकच सांग. तेव्हा प्लॉटवर तू हात हलवला होता की नव्हता?"

मी म्हटलं, हलवला होता. आणि म्हणता म्हणता आठवून पाहिलं. काकांच्या अंगणात हलवला तो हात मला दिसतो. उजवा. खुर्ची दिसते, काका दिसतात. पण प्लॉटवरचं आठवायला गेलो की मिश्राजींची पेन्सिल दिसते आणि कांड्या एकमेकींवर आलेल्या दिसतात. मधलं काही नाही. मी हलवला असं मी नंतर सांगितलं म्हणून मला आठवतं, की हलवला म्हणून आठवतं, ते कळत नाही.

हलवला असेल तर मी काकांना खरं सांगितलं, आणि जे झालं त्यात माझा दोष नाही. मग बावडी तिथे का निघाली, ते मला आयुष्यभर कळणार नाही. नसेल हलवला, तर कांड्या खरंच वळल्या होत्या. तर मग दोन बायकांचा एक ओटा मोकळा व्हावा म्हणून, त्या हाताबद्दल, मी एका म्हाताऱ्या माणसाशी खोटं बोललो आणि भावाच्या बायकोला त्या फरशीवर उभं केलं.

सतीशला म्हटलं, "माहीत नाही."

तो म्हणाला, "मनीषा विचारून राहिली होती. मला काय, मला चालते."

आता ते तिघं पुन्हा आमच्याच क्वार्टरमध्ये आहेत. पिंकी आणि माझी मुलगी एका पलंगावर झोपतात. मी सुताराकडून मनीषासाठी उंच स्टूल करून घेतलं, त्यावर बसून ती भाजी चिरते. सुनंदा तिचं सगळं करते. दोघी आता खूप बोलतात. त्या सकाळी मी आत गेलो तेव्हा सुनंदा बाजारात होती. मनीषा गवार मोडत होती. खिडकीतून तिनं आमचं सगळं ऐकलं असणार. वर न बघता म्हणाली —

"भाऊजी, हो म्हणा, नाही तर नाही म्हणा. मला दोन्ही चालेल, खरंच. मी रागवणार नाही. पण एक काहीतरी म्हणा."

मी उभा राहिलो. तिनं थोडी वाट पाहिली, मग पुन्हा गवार मोडू लागली.

हे मासिक आमच्या घरी येतं, आणि आता सगळ्यांत आधी तीच वाचते. लिहायला बसलो की कुठेतरी मधेच ते स्पष्ट होईल असं मला वाटलं होतं. जसं झालं तसं सगळं लिहिलं. मनीषा, इथपर्यंत येऊनही मला ते सांगता येत नाही.